पावणेदहाची शिरोडा गाडी

पद्मावती अंगणवाडीतून निवृत्त झाली त्या दिवशी बोरगावच्या बायकांनी तिला साडी नेसवली, हार घातला आणि विचारलं, "आक्का, आता काय करणार?"

"समुद्राकडं जाऊन चार दिवस बसणार," ती म्हणाली.

बायका हसल्या. पद्मावतीला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. साठ वर्षांत तिने समुद्र दोनदा पाहिला होता, दोन्ही वेळा गाडीच्या काचेतून. गाडी तिचा नवरा भुजबली चालवायचा. धर्मस्थळ असो की गोवा, त्याला पोचायची घाई आणि परतायचीही घाई. "चल, उजेड हाय तवर घाट चढूया," म्हणत तो किल्ली फिरवायचा. त्यात तिला गाडी लागायची. काचा बंद असलेल्या गाडीत बसलं की अर्ध्या तासात पोटात ढवळायला लागायचं. मग चिंच चोखत, डोळे मिटून ती सगळी देवळं आणि सगळे समुद्र पार करायची. एसटीत मात्र तिला काही व्हायचं नाही. खिडकी उघडी असली आणि तोंडावर वारा असला की ती चिक्कोडीपर्यंत बायकांशी गप्पा मारत जायची.

आता दारात गाडी नव्हती. आठ महिन्यांपूर्वी भुजबलीने ती पुण्याला श्रेयसकडे, मुलाकडे, पाठवून दिली. "पोराला हापिसाला लागतीया," एवढंच तो सांगायचा. गावाला नवल वाटलं, कारण त्या गाडीला त्याने कधी कुणाला हात लावू दिला नव्हता. तीस वर्षांत बोरगावचे निम्मे नवरदेव त्याच्या गाडीतून बोहल्यावर गेले होते. गाडी गेल्यापासून भुजबली शेत आणि घर सोडून कुठे जात नव्हता. सुनेच्या माहेरचं लग्नसुद्धा त्याने टाळलं.

म्हणून पद्मावतीने ठरवलं की जायचं दोघांनी, आणि बसने.

ठिकाण तिने कोकणातलं शिरोडा नक्की केलं आणि एक वही घेतली. निपाणीच्या बसवर सौम्या नावाची कंडक्टर होती, तिची ओळखीची. सौम्याने बेळगाव डेपोतल्या लोकांना विचारून चार दिवसांत माहिती आणली. बेळगावहून पावणेदहाला थेट शिरोड्याची गाडी, आंबोलीवरून. ती चुकली तर साडेबाराला सावंतवाडी, तिथून पुढे शिरोड्याच्या गाड्या. "आक्का, बेळगावपातुर आपल्या कर्नाटकाची गाडी, बायकांना तिकीट न्हाय, फकस्त आधार कार्ड दावायचं," सौम्या म्हणाली. "पुढं महाराष्ट्राची गाडी, तिथं बायकांना अर्धं. अण्णांना मातर दोन्हीकडं पुरं."

राहायची जागा मुलगी प्रियाने फोनवर शोधून दिली. शिरोड्याजवळच्या एका वाडीत रवळू नावाचा माणूस आपल्या घराच्या दोन खोल्या पाहुण्यांना देत असे. पद्मावतीने त्याला स्वतः फोन लावला. बस थांबते तिथून घर किती लांब, तिथून समुद्र किती लांब, वाट चढाची आहे का, सगळं विचारलं. मग मुख्य गोष्टीवर आली.

"आम्ही जैन हाय. कांदा, लसूण, बटाटा काही चालत न्हाय. आन् दिवस मावळायच्या आत जेवण व्हायला पायजे."

पलीकडून रवळू म्हणाला, "मासळी खाणत नाय ता समाजला. पण कांदो नको, बटाटो नको, मगे घालतलंय काय?"

"भोपळा, पडवळ, कच्ची केळी. कुळथाची पिठी करता की तुमी? त्यात लसूण नको, आमसूल घाला."

"बायलेक सांगतंय," तो म्हणाला. पाच मिनिटांनी त्याच्या बायकोचा फोन आला आणि दोघी अर्धा तास पिठीवर बोलत बसल्या.

भुजबली हे सगळं सोप्यात बसून ऐकत होता. जायला त्याचा विरोध नव्हता. पण बसचं नाव निघालं की उठून जायचा. एकदा म्हणाला, "या वयात धक्के खात जायाचं?" दुसऱ्यांदा म्हणाला, "लोक काय म्हणतील, भुजबली एसटीत बसला." पद्मावतीला वाटलं, माणसाचा मान दुखावतोय. तिने फार मनावर घेतलं नाही.

निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ती पाणी गाळायचं फडकं पिशवीत ठेवत असताना भरमूचा फोन आला. गावात त्याच्या भाड्याच्या गाड्या होत्या.

"आक्का, अण्णा फोन उचलंनात. सकाळी गाडी सहाला आणू का सातला?"

"कसली गाडी?"

"शिरोड्याची की. अण्णांनी परवाच सांगून ठेवलंय."

पद्मावतीने फोन ठेवला आणि सोप्यात आली. भुजबली भिंतीकडे बघत बसला होता. त्याने ऐकलं होतं.

"तुमी गाडीतनं जावा," ती शांतपणे म्हणाली. "मी बसनं जाते. तिथं भेटू."

"पद्मा, तसं न्हाय गं."

"मग कसं हाय ते सांगा."

त्याने तोंड पुन्हा भिंतीकडे वळवलं. तिनेच भरमूला फोन करून गाडी नको म्हणून सांगितलं. जेवणं तर आधीच झाली होती. ती दिवा मालवून झोपायला गेली. सकाळी साडेसहाला ती पिशवी घेऊन दारात आली, तेव्हा भुजबली पांढरा सदरा घालून, दुसरी पिशवी हातात धरून पायरीवर उभा होता.

निपाणीपर्यंत तो मान खाली घालून बसला. निपाणीला बस बदलताना तिच्या मागे इतका चिकटून चालला की दोनदा त्याचा पाय तिच्या टाचेवर पडला. हायवेला लागल्यावर जरा सैल झाला. बाहेर ऊसतोड चालू होती, भरलेले ट्रॅक्टर कडेने निघाले होते. पद्मावतीने खिडकी उघडली. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं, आणि सव्वानऊला ते बेळगावला पोचले.

स्टँडवर गर्दी होती. बहुतेक पाट्या कन्नडमध्ये होत्या. पद्मावतीची शाळा कन्नड असल्यामुळे तिला त्या भराभर वाचता येत. भुजबली कन्नड बोलायला पटाईत, पण ती लिपी त्याला कधी वाचता आली नाही. शिरोड्याची गाडी महाराष्ट्राची, पाटी मराठीत असणार. गाडी कुठे लागते ते तिने विचारून घेतलं, भुजबलीला तिथे उभं केलं आणि पिशव्या त्याच्या पायाशी ठेवल्या.

"लाल गाडी येईल. शिरोडा म्हणून पाटी आसंल. मी हातपाय धुऊन येते. आली तर कंडक्टरला थांबा म्हणा."

बायकांच्या बाजूला रांग होती. ती परत आली तेव्हा दहाला पाच कमी होते. भुजबली होता तिथेच उभा होता.

"गाडी?"

"आली न्हाय अजून."

शेजारी येळ्ळूरचा एक म्हातारा भाजीच्या बुट्टीवर बसला होता. तो म्हणाला, "आत्ताच गेली की ती. ह्यांच्या डाव्या अंगाला तर येऊन लागली हुती. पाच मिन्टं थांबली."

पद्मावतीने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा उतरला होता. तिला राग आला होता, बोलायचंही होतं; पण तो वाकून पायाशी ठेवलेल्या पिशव्या हातांनी चाचपताना दिसला आणि ती थांबली. तिने त्याला बाकावर बसवलं.

"मला बाजूचं दिसत न्हाय, पद्मा," तो म्हणाला.

"म्हंजे?"

"समोरचं दिसतंय. तुझं तोंड दिसतंय. पण हिकडचं, तिकडचं काय न्हाय. नळीतनं बघितल्यासारखं." त्याने दोन्ही हात कानांजवळ नेऊन दाखवले. "काचबिंदू म्हणालेत मिरजेचे डॉक्टर. गेल्या उन्हाळ्यात बेडकीहाळच्या वळणावर उसाचा ट्रॅक्टर घासला, आठवतंय? मी म्हटलं त्यो अंगावर आला. त्यो नीट येत हुता. मलाच दिसला न्हाय. त्यावर एक पोरगी बसली हुती."

"तिला काय झालं न्हाय ना?"

"न्हाय. पण झालं आसतं." तो म्हणाला. "म्हणून गाडी दिली. कुणाला सांगू? तीस वर्षं लोकांनी माझ्या डोळ्यावर जीव टाकला."

"आन् ते डोळ्यात घालायचे थेंब? कचरा जातोय म्हणून दिल्यात म्हणालता."

"त्येच. रोज घालायचे म्हणालेत, मंजी हाय तेवढं टिकंल. मी कवा घालतो, कवा न्हाय. घातले की आठवतंय."

आठ महिन्यांतल्या कितीतरी गोष्टी पद्मावतीच्या डोळ्यांपुढून गेल्या. उंबऱ्याला लागलेली ठेच, हात लागून सांडलेलं ताक, टाळलेलं लग्न. प्रत्येक वेळी ती त्याला काहीतरी बोलली होती.

"भरमूची गाडी का सांगितली, ते आता कळलं," ती म्हणाली. "स्टँडवर हे आसं हुईल म्हणून."

"व्हय."

"मला सांगितलं आसतं तर मी हात धुवायला गेले नसते."

भुजबली कसनुसा हसला. मग म्हणाला, "परत जाऊया घरला. मी तुझी सगळी गाडी घालवली."

पद्मावतीने वही काढली. साडेबाराची सावंतवाडी चारला पोचणार. साडेचारची शिरोडा मिळाली तर साडेपाचला उतरता येईल. पंधरा मिनिटं चाल. सूर्य मावळायला सव्वासहा. तिने रवळूच्या बायकोला फोन केला. ती म्हणाली, "तुमी येवा, मी ताटां करून ठेवतंय."

साडेबाराची गाडी आली तेव्हा पद्मावती पिशव्या उचलायला लागली. भुजबलीने एक पिशवी तिच्या हातातून घेतली आणि दारात उभ्या असलेल्या कंडक्टरसमोर जाऊन थांबला.

"मला डोळ्याला कमी दिसतंय," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "पायरी कुठं हाय तेवढं सांगा."

कंडक्टरने त्याचा हात धरला आणि पुढची सीट दिली. त्यात काही विशेष घडलं नाही; मागचे लोक चढले, कुणी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. भुजबलीला याचंच नवल वाटलं असावं. चंदगडच्या अलीकडेच तो कंडक्टरशी गप्पा मारू लागला, आणि आंबोलीचा घाट उतरताना प्रत्येक वळणाला ड्रायव्हरने गिअर कुठे टाकायला हवा ते पद्मावतीच्या कानात सांगत राहिला. ड्रायव्हर बहुतेक वेळा बरोबर टाकत होता. "हाय बरा," भुजबली म्हणाला.

सावंतवाडीला शिरोड्याची गाडी दहा मिनिटं उशिरा सुटली. पद्मावती सारखी उन्हाकडे बघत होती. थांब्यावर रवळू उभा होता, सडसडीत, चाळिशीचा. त्याने दोन्ही पिशव्या घेतल्या आणि माडांमधून झपाझप चालायला लागला. मागोमाग ही दोघं जवळजवळ धावत. घरात ताटं मांडलेली होती. भात, पिठी, पडवळाची भाजी, आणि पाणी गाळून ठेवलेलं. जेवून हात धुतले तेव्हा समोरच्या माडांवर अजून ऊन होतं. रवळूची बायको दारात उभी राहून म्हणाली, "गावलो मां वेळ?"

समुद्र दोनशे पावलांवर होता. उजेड कमी होत चालला होता आणि वाळूत भुजबलीचा पाय अडखळायला लागला. पद्मावतीने त्याचा हात धरला. सदतीस वर्षांच्या संसारात बाहेर, लोकांत, तिने कधी त्याचा हात धरला नव्हता. त्याने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग हात तसाच राहू दिला.

दोघं वाळूवर बसली. सूर्य अगदी समोर पाण्यात उतरत होता.

"दिसतंय?" तिने विचारलं.

"सगळं दिसतंय. हे समोरच हाय की."

ती कितीतरी वेळ नुसती बसून राहिली. परत निघा म्हणणारं आज कुणी नव्हतं. मळमळ नव्हती, चिंच नव्हती. लाटा येत होत्या आणि ती मोजत नव्हती.

खोलीवर परतल्यावर तिने थेंबांची बाटली मागितली. ती त्याच्या सदऱ्याच्या खिशात होती, रुमालात गुंडाळलेली. त्याने मान मागे टाकली आणि तिने दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब सोडला. डोळे मिटलेले असतानाच त्याने श्रेयसला फोन लावायला सांगितला. बाप-लेक बराच वेळ बोलले. पद्मावती ओसरीवर होती, तिला एवढंच ऐकू आलं, "न्हाय रं, गाडी तुलाच ठेव. मला नको आता." थोड्या वेळाने, "मिरजेला पुढल्या महिन्यात ये माझ्यासंगट. डॉक्टर काय म्हणतात ते तू नीट ऐक."

दुसरा आणि तिसरा दिवस त्यांनी वहीत लिहिल्याप्रमाणे काढला, म्हणजे काहीच न करता. सकाळी चालायचं, उन्हात ओसरीवर बसायचं, चारला पुन्हा पाण्याकडे. भुजबली तिच्या उजव्या बाजूने चालायचा आणि ती डावीकडून काय येतंय ते सांगायची. कुत्रं, सायकल, जाळं ओढणारी माणसं. तिसऱ्या दिवशी तिला सांगायची आठवण राहिली नाही, तेव्हा त्याने स्वतःच मान वळवून बघितलं.

चौथ्या, म्हणजे परत जायच्या आदल्या दिवशी सकाळी भुजबली रवळूशी बोलत होता. पद्मावती कपडे घड्या करत होती.

"पद्मा," तो आत येऊन म्हणाला, "हितनं बसनं तेरेखोलला जाता येतंय. तिथं फेरीबोट हाय, चालत जाणाऱ्याला फुकट. नदीच्या पलीकडं केरी गाव. दुपारी परत."

"वहीत न्हाय ते."

"मग लिही. साडेआठची बस हाय. मी विचारून आलोय."

तिने कपडे तसेच ठेवले आणि पेन शोधायला लागली.