ठोकावे म्हटलं, ठोकलं

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे, आणि माझ्या अंगावर इतकी भोके आहेत की ती मोजायला बसलात तर हातातली कॉफी गार होईल. ही भोके किड्यांनी पाडलेली नाहीत. शिकल्यासवरल्या माणसांनी, पूर्ण शुद्धीवर असताना, हातोड्याने पाडली आहेत, आणि मी ती पाडू दिली आहेत. तेव्हा मला ‘बिचारी’ म्हणणार असाल तर दुसरी एखादी गोष्ट वाचा.

माझा जन्म स्वीडनच्या उत्तरेला, नदीकाठच्या रानात झाला. तुमच्याकडे आमच्या जातीच्या झाडाला चीड म्हणतात, असे कानावर आले आहे. नाव ठेवणाऱ्याला माझा स्वभाव आधीच कळला असावा. मला कापून पहिल्यांदा एका धान्याच्या कोठारात जमिनीला बसवले. पुढे ते कोठार पाडले आणि मला गावातल्या विद्यापीठात आणले, कारण तिथल्या मोठ्या दरवाजाची चाळण झाली होती. दरवाजाला खिळे ठोकून ठोकून हिवाळ्यातला वारा थेट कचेरीत शिरू लागला होता.

हे खिळे कसले, ते सांगते. आमच्याकडे विद्यार्थ्याचा प्रबंध पुरा झाला की त्याची एक प्रत छापतात. तिच्या कोपऱ्यात भोक पाडतात. विभागप्रमुख मुखपृष्ठावर एकच शब्द लिहून सही करतो, ‘ठोकावे’. मग विद्यार्थी भर दालनात, सगळ्यांच्या देखत, ती प्रत मला ठोकतो. दुसरीकडे हा मान फक्त डॉक्टर होणाऱ्यांना असतो. आमच्याकडे साध्या पदवीचे कामही ठोकतात. पुढचे काही आठवडे ती प्रत तशीच लटकते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कोणालाही ती उघडून वाचता येते. मग प्रबंधावर जाहीर वाद होतो त्या दिवशी यायचे आणि तोंडावर विचारायचे, की हे तू कशावरून म्हणतोस? ज्याला पदवी हवी त्याने आधी चारचौघांत उभे राहावे, अशी ही रीत आहे. मला ती फार आवडते.

माझ्यावर काय काय टांगले गेले म्हणून सांगू. रानातली मूस हरणे रस्ता नेमका कुठे ओलांडतात, यावर एकीने काम केले. इस्पितळातले म्हातारे ताटात काय टाकून देतात, ते एकाने पाहिले. नदीवरचा बर्फ फुटण्याआधी कसा आवाज करतो, ते एकाने कान लावून ऐकले. ठोकायची तऱ्हाही ज्याची त्याची. पूल बांधायला शिकणारे दोन घावांत मोकळे होतात. संगणकवाले पहिला खिळा हमखास वाकवतात. तत्त्वज्ञानवाला एक पोरगा खिळा हातात धरून इतका वेळ विचार करत राहिला की त्याच्या मित्रांनी सगळा केक संपवला. पण शेवटचा घाव बसला की प्रत्येकाचा चेहरा सारखाच होतो. आता काही मागे घेता येणार नाही, हे त्याला कळलेले असते.

मग एके वर्षी माझ्या शेजारी काचेचा मोठा पडदा बसला. प्रबंध आता पडद्यावर ‘ठोकायचे’ होते. बोटाने एक कळ दाबली की झाले. शब्द माझाच ठेवला आणि मला काढले. दालनात पाहुणे येतात, त्यांना ही भोके बरी दिसत नाहीत, असे सांगण्यात आले. मला तळघरात सायकलींच्या खोलीत उभे केले. प्राध्यापकांच्या सौनाला, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराला, बाक हवा होता, त्यासाठी म्हणे माझा उपयोग होणार होता. माझ्या पोटात तुटलेल्या खिळ्यांची टोके अजून आहेत, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. बसा म्हटले, खुशाल बसा.

त्या तळघरात मला ऊल्वा भेटली. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, शेवटचे वर्ष. मार्च संपत आला होता, दिवसा पन्हळी गळायला लागल्या होत्या. ती खाली आली आणि सायकलीच्या बैठकीवर धपकन बसली. पाठोपाठ फोल्के आला. हा तिचा वर्गमित्र आणि तिच्या कामाचा नेमलेला प्रतिवादी. म्हणजे वादाच्या दिवशी तिच्या चुका काढणे हेच त्याचे काम.

“काय म्हणाला स्तूरे?” त्याने विचारले. स्तूरे म्हणजे त्यांचा विभागप्रमुख; आमच्याकडे थोरामोठ्यांनाही नावाने आणि एकेरीतच हाक मारतात.

“कॉफी पाजली. दालचिनीचा बन दिला.”

“बन दिला? म्हणजे काम झालं नाही.”

“काम छान आहे म्हणाला. कसलीच अडचण नाही म्हणाला. फक्त पडद्यावर ठोक, आणि शर्यत होईपर्यंत फाइल बंद ठेव.”

ही शर्यत म्हणजे आमच्या गावाचा जीव की प्राण. दर वसंतात स्कीवाले लांबून लांबून येतात, आणि स्तूरे ती भरवणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष आहे. ऊल्वाने शोधले होते ते असे, की स्की वेगाने घसरावी म्हणून तळाला चोळतात ते मेण बर्फात उरते, बर्फ वितळला की वाटेवरून खालच्या तळ्यात जाते, आणि त्यातले विष पुढे नाहीसे होतच नाही. त्या तळ्यातले मासे अर्धे गाव खाते.

“शर्यत झाल्यावर उघडली तर काय बिघडलं?” फोल्के म्हणाला. तो आत्तापासूनच प्रतिवादाचा सराव करत होता.

“तोवर या वर्षीचं मेण तळ्यात गेलेलं असेल. आणि वाद त्याच्या आधीच उरकायचाय. कुणी वाचलेलंच नसेल तर विचारणार कोण? खोलीत तू, मी, परीक्षक आणि स्तूरेचे बन.”

“आणि ऐकलं नाहीस तर?”

“तर घाई कशाला, शरदात सादर कर म्हणाला. जूनमध्ये माझी नोकरी सुरू होतेय, फोल्के. पदवी नसेल तर ते दुसऱ्या कुणाला घेतील. मला काय हौस आहे का? लहानपणापासून त्याच वाटेवर पळालेय मी. हेच मेण चोळलंय. घरी शर्यतीचे कप आहेत माझे.”

तिचा मार्गदर्शक तान्हे बाळ सांभाळायला रजेवर गेला होता. त्यामुळे तिच्या बाजूने बोलणारे कोणी नव्हते. मला तोंड असते तर मी बोलले असते.

“सही तरी दिली का?” फोल्केने विचारले.

“दिली ना. ही बघ.”

त्याने प्रत हातात घेतली, मुखपृष्ठ उजेडाकडे धरले आणि बराच वेळ पाहिले. “पडद्यावर, असं कुठं लिहिलंय यात?”

“म्हणजे?”

“नुसतं ‘ठोकावे’ लिहिलंय.”

ऊल्वाने प्रत त्याच्या हातातून घेतली. एकदा वाचली, पुन्हा वाचली. मग तिने हळूच मान वळवून माझ्याकडे पाहिले. मित्रांनो, इतक्या दिवसांत माझ्याकडे कोणी तसे पाहिले नव्हते.

“मी तुझा प्रतिवादी आहे, एवढं ध्यानात ठेव,” माझे एक टोक उचलत फोल्के म्हणाला. “फळी वाहून देतो. पण त्या दिवशी तुला सोलून काढणार.”

“सोल ना. लोकांसमोर सोल.”

दालनात माझ्या जागी पडदा होता. म्हणून त्यांनी मला बाहेर नेले, दाराशेजारी, जिथून स्कीची वाट सुरू होते. पन्हळीच्या नळाला पट्ट्यांनी घट्ट बांधले. ऊल्वाने पहिला खिळा वाकवला. दुसऱ्याच्या वेळी हातोडा बोटावर बसला आणि तिने जे म्हटले ते मी इथे सांगणार नाही. तिसरा खिळा मात्र सरळ आत गेला. माझ्या जुन्या गाभ्यात तो रुतला तेव्हा मला कोठार आठवले नाही, रान आठवले नाही. आपण अजून कामाच्या आहोत, एवढेच वाटले, आणि मला तळघरात टाकणाऱ्यांवरचा राग मनसोक्त वर आला.

पोरे जमली. स्तूरे कोट न घालताच बाहेर आला.

“ऊल्वा, हे काय आहे?”

“ठोकलंय.”

“आपलं पडद्याचं ठरलं होतं.”

“ठरवलं तू होतंस. आणि लिहिलंस ‘ठोकावे’. ठोकावे म्हटलं, ठोकलं. पडद्यावर ठोकलं असतं तर काच फुटली असती.”

कोणीतरी हसले. स्तूरेचे कान लाल झाले, ते थंडीने की कशाने, मला सांगता येणार नाही. “अगं, तो शब्द आपला रीत म्हणून लिहितात.”

“मीही रीत म्हणूनच ठोकलंय.”

त्याने आजूबाजूला पाहिले. “हेल्गे, जरा पक्कड आण.”

हेल्गे आमचा शिपाई. तो दारात पेला घेऊन उभा होता. “आत्ता कॉफीची वेळ आहे,” तो म्हणाला.

“मग कॉफी झाल्यावर आण.”

“कॉफी झाल्यावर आणली असती. पण वादाआधी खिळा काढत नाहीत, स्तूरे. तू ठोकलंस तेव्हा काढला होता का कुणी?”

हे खरे होते. स्तूरेही एके काळी हातात हातोडा घेऊन माझ्यासमोर उभा राहिला होता. बारीक, घाबरलेला पोरगा. त्याचे भोक माझ्या अंगावर आहे. कुठे आहे ते फक्त मला माहीत आहे.

तो आत जायला वळला. पण जाताना ऊल्वाला एवढे म्हणाला, “बाहेरून परीक्षक येईल. तिच्यापुढे एक जरी वाक्य लंगडं पडलं तर मी काही करू शकणार नाही.” धमकी होती, पण ती हरकत घेण्यासारखी नव्हती, आणि हे ऊल्वालाही कळत होते. सगळे काही आता त्या पानांवर अवलंबून होते.

मग लोक वाचू लागले. स्कीवाले थांबत, हातमोजा दातांत धरत आणि पाने उलटत. काही जण नाक मुरडून निघून जात. आल्रिक मात्र रोज येई. हा मंडळाचा जुना मेणवाला, गावातल्या निम्म्या पोरांना त्याने मेण चोळायला शिकवलेले. तो चष्मा कपाळावर चढवून, कागदाला नाक लावून, थोडे थोडे वाची. वाचताना पुटपुटे. ते कौतुक नव्हते.

वादाच्या दिवशी तळमजल्याची खोली भरून गेली. गर्दीने उकडू लागले म्हणून खिडकी उघडली, आणि ती माझ्या डोक्यावरच होती. फोल्केने बोलल्याप्रमाणे सोलायला घेतले.

“हे विष दुसरीकडून येत नाही कशावरून?”

“वाटेच्या वरच्या ओढ्यांतलं पाणी घेतलं. तिथं नाही. वाट ओलांडल्यावर आहे.”

“माशांत किती गेलंय?”

माझे तंतू आखडले. इथे तिने काहीतरी ठोकून दिले असते, तर ती गेलीच होती.

“माहीत नाही,” ऊल्वा म्हणाली. “मासे मी तपासलेले नाहीत. तसं लिहिलंय शेवटच्या पानावर. ते पुढच्या कुणीतरी करायचं.”

मग आल्रिक उठला. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. “म्हणजे जन्मभर मी पोरांना विष चोळायला शिकवलं, असं तुझं म्हणणं आहे?”

“मलाही तूच शिकवलंस, आल्रिक. तुला माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. आता माहीत झालंय.”

“मी सगळं वाचलंय. दोनदा. मला पटलेलं नाही. आपल्या शेडमधले मेणाचे ते डबे मी उद्याच बाहेर काढतो. पण पटलेलं नाही.”

कोणी हसले नाही. परीक्षक बाईने आपले कागद नीट केले आणि ती म्हणाली, “उत्तीर्ण.” फोल्के सगळ्यांत मोठ्याने ओरडला, आणि हे प्रतिवाद्याला शोभत नाही असे कोणीतरी त्याला सुनावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्तूरे पक्कड घेऊन एकटाच आला. वाद झाला होता, आता खिळा काढायची मुभा होती. त्याने तो नीट, न वाकवता काढला आणि प्रत काखेत मारली. पानांना लोकांच्या बोटांचे डाग पडले होते. तरी तो गेला नाही. माझ्या अंगावरून बोट फिरवत उभा राहिला. आपले भोक शोधत होता. मी दाखवले नाही. शोधू दे.

मित्रांनो, मी अजून दाराबाहेरच आहे. ऊन लागते, पाऊस लागतो, हिवाळ्यात अंगावर बर्फाची पुटे चढतात. पडदाही आत आहे, त्याचे माझे वैर नाही. पण जिला किंवा ज्याला कोणाच्या तरी नाकावर टिच्चून काही सांगायचे असते, ते हातोडा घेऊन बाहेर येतात. मागच्या वसंतात एका मुलीने प्रबंध ठोकला, त्याच तळ्यातल्या माशांवर. सौनाला दुसरा बाक मिळाला.

तुमच्याकडेही माझ्यासारखे काही जुने असेल, ओरखडलेले, पाहुण्यांसमोर लपवलेले. त्याची कीव करू नका. त्याला पॉलिश करू नका, आणि भोकांत पुट्टी तर मुळीच भरू नका. खऱ्या कामाला लावा. परवा हेल्गे सांगत होता, वरून पुन्हा विचारणा झाली आहे की ही फळी हलवता येईल का. हलवा. खिळे काढता येतात, प्रती कपाटात बंद करता येतात, फळीसुद्धा उचलून नेता येते. भोक कुठे नेणार?