एकटीचं कुटुंब

सीताफळाच्या खवल्यांमध्ये धूळ बसली होती. प्लास्टिकचंच, पण कुणीतरी मेहनतीने रंगवलेलं, फटीफटीतून पिकल्यासारखा पिवळेपणा... सुलभाने बोट लावलं आणि लगेच मागे घेतलं. नमुन्याच्या फ्लॅटमधल्या वस्तूंना हात लावायचा असतो की नसतो, हे तिला ठाऊक नव्हतं. बाल्कनीत तिचा धाकटा भाऊ हेमंत बोट दाखवून सांगत होता, "ताई, तो बघ रिंग रोड. बरकतपुऱ्याला यायला असा कितीसा वेळ लागणार?" रस्ता काही दिसत नव्हता. मोठाले खडक दिसत होते, आणि त्यांच्यामधून उभे राहिलेले काँक्रीटचे खांब.

बरकतपुऱ्याचं घर वडिलांनी हेमंतच्या नावावर केलं तेव्हा तिने काही विचारलं नव्हतं. राहायचं तर सगळ्यांनी एकत्रच, मग नाव कुणाचं का असेना. तेव्हा हेमंतची बायको अनुराधा नवी नवरी होती, रसिका जन्मायची होती. आता रसिका बारावीला आहे आणि अधूनमधून आत्याच्या खोलीच्या दारात उभी राहते. मागत काही नाही. नुसती भिंतींकडे बघते, टेबल कुठे बसेल याचा अंदाज घेतल्यासारखी... त्यानंतरच कधीतरी हेमंतने जेवताना योजनेचा विषय काढला. ज्यांच्या नावावर कुठेच पक्कं घर नाही त्यांना कर्जाच्या व्याजात सरकार मदत करतं. दिलसुखनगरच्या क्लासमध्ये ऑफिस सांभाळणाऱ्या सुलभालाही मग हप्ता झेपेल. "तुझ्यासारख्यांसाठीच आहे ताई हे." अनुराधा अंबाड्याची भाजी वाढत होती. वाढताना तिने हेमंतकडे पाहिलं नाही — मुद्दाम पाहिलं नाही — एवढंच सुलभाच्या लक्षात राहिलं.

खाली बिल्डरच्या ऑफिसात प्रियदर्शिनी नावाची मुलगी कॉम्प्युटरवर माहिती भरून घेत होती.

"फॅमिली में कित्ते लोगां हैं, अक्का?"

सुलभाच्या तोंडात ‘चार’ आलेलं होतं. दूधवाल्याला, गॅसवाल्याला, लग्नाच्या आमंत्रणाला ती इतकी वर्षं हेच सांगत आली होती. पण हेमंत आधीच बोलला.

"अकेलेच हैं इनों."

किती पटकन बोलला! घरून पाठ करून आल्यासारखा. बोलून झाल्यावर मात्र त्याने खिशातून रुमाल काढून मान पुसली, एसी चालू असताना. प्रियदर्शिनीने मान डोलावली, म्हणाली की कमावती बाई एकटी असली तरी योजनेत तिचं कुटुंब वेगळंच धरतात, काही अडचण येणार नाही.

आता वाईट वाटेल, असं म्हणून सुलभा थांबून राहिली. पायाला ठेच लागल्यावर कळ पोचेपर्यंत माणूस थांबतो तशी. जिना चढतानाही ती थांबलेलीच होती. खरा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, अर्धवट बांधलेला. हेमंतला फोन आला म्हणून तो खालीच राहिला. कळ येईना. खिडकीच्या जागी नुसती चौकट होती, तिच्यातून वारा येत होता, आणि त्या उघड्या विटांमध्ये उभं राहून ती भलतंच काही पाहत होती — इथे खुर्ची, इथे दिवा, कितीही वेळ चालू ठेवला तरी कुणी विचारणार नाही असा, चहा एकच कप, पातेल्यातूनच जेवण... बोलायचं नसेल त्या दिवशी न बोलणं.

हे कधीपासून? मागे सगळे यादगिरीगुट्ट्याला देवदर्शनाला गेले होते, तेव्हा मला रजा नाही म्हणून मी मागे राहिले. रजा होती. दिवसभर दार लावून मी बाहेरच्या खोलीत बसले, काहीही न करता, आणि ते परत आल्यावर अनुराधाला म्हणाले, तुमच्याशिवाय घर खायला उठतं ग. आणि तिचे डोळे भरून आले होते...

म्हणजे हेमंत तिला घराबाहेर काढत नव्हता. ती कधीचीच निघालेली होती. त्याने फक्त ते मोठ्याने म्हटलं होतं. आणि हे त्याला माहीत नव्हतं. तो बिचारा खाली मान पुसत उभा असेल.

"ताई!" जिन्यातून त्याचा आवाज आला, तोही जरा चाचरत. "आवडलं का? नसेल तर राहू दे... कसली जबरदस्ती नाही बरं का."

हो, आवडलं. एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर तो एका क्षणात मोकळा झाला असता, जिना चढून हसत वर आला असता. पण ते इतक्या लवकर होऊ द्यावं, असं तिला वाटेना. चार माणसांची म्हणवून घेताना कुणाला ताटकळत ठेवणं तिला कधी जमलं नव्हतं, ते आता सहज जमत होतं, आणि आपण अशा आहोत तर, या विचाराची तिला जराही लाज वाटत नव्हती, याचंच तेवढं नवल वाटत होतं.

"ताई?"

ती ऐकत राहिली.