सेक्टर दहाचा धुतलेला खड्डा

खड्डा आहो मी. हसू नोका. रोडवरचा नाही. तो माहा सावत्र भाऊ, त्याच्यात तुमची गाडी आपटते. मी खताचा खड्डा. भिलाईले सेक्टर दहात, क्वार्टरच्या मांगं "हरित परिवार शिक्षण बगीचा" असा बोर्ड दिसते ना, त्या बगीच्याच्या कोपऱ्यात मी राहतो. मले बोलाची सवय नाही. लोक टाकतेत, मी खातो. पण आता डोक्स फिरलं म्हणून बोलून राहिलो. ज्याले झोंबन त्यानं नाक दाबून ऐकावं. तसंही माह्याजवळ येताना सगळे नाकच दाबतेत.

माही माती जुनी आहे. प्लांट यायच्या आधी इथी धानाची बांधी, म्हणजे भाताचं शेत होतं. मंग पोलादाचा प्लांट आला, क्वार्टर आले, अन् माह्यावर मुरूम टाकून मले चापून बसवलं. तवापासून माह्या डोक्स्यावर पोरं क्रिकेट खेळले, लग्नाचे मंडप लागले, अन् उरल्या जागेत साऱ्या लाइनीचा कचरा पडला. मी गप पडून होतो.

मले खणलं केवलरामनं. केवलराम तुमसरकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. तरणा होता तवा प्लांटमध्ये लागला, कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्टीच्या धगीत जिंदगी काढली, रिटायर झाला. बायको देवाघरी गेली. पोरगा ऋषभ रसमड्याच्या फॅक्टरीत कामाले आहे, त्यानं दुर्गच्या पद्मनाभपुरले तिसऱ्या माळ्यावर फ्लॅट घेतला. तो बापाले बोलावते, बाप जात नाही. "तिसऱ्या माळ्यावर माती कुठी आहे?" असं म्हणते.

अन् बगीच्याची आयडिया काढली उमाकांतसाहेबानं. तेही प्लांटचेच रिटायर अफसर, दुर्गचे जुने राहणारे. त्यायनं मोबाइलवर काहीतरी पाह्यलं अन् सगळ्यायले जमा करून सांगतलं, "आपल्याला शाश्वत जीवन जगायचं आहे. कचरा घरातून बाहेर जाता कामा नये." सगळ्यायनं टाळ्या वाजवल्या. केवलरामले शाश्वत का असते ते समजलं नाही, पण खणाचं आहे हे समजलं. त्यानं दुसऱ्याच दिवशी कुदळ घेतली अन् मले बाहेर काढलं.

उद्घाटन झकास झालं. गुब्बारे लावले. प्लास्टिकच्या काळ्या पन्नीत रोपटे आणले. प्लास्टिक वाईट आहे असं लंबं भाषण झालं, अन् भाषण देनाराच्या समोर पाण्याच्या बाटल्यायची रांग. नाश्त्याले समोसे, थर्माकोलच्या प्लेटीत. सभा उठली अन् थे सगळं कोणाच्या पोटात गेलं? माह्या. पह्यला घास माहा तो. केवलराम आत उतरला, एक एक प्लेट वेचली, शिव्या देत देत. त्या शिव्या मी इथी सांगत नाही.

मंग रविवारची शाळा लागली. साहेब माइक घेऊन शिकवत, ओला कचरा अन् सुका कचरा. लोक शिकले बी. एक जण तर बाजूच्या लाइनीतून कार काढून भेंडीचे देठ टाकाले येई. कोणी सालटं पन्नीत भरून, पन्नीले पक्की गाठ मारून, पन्नीसकट फेके. गाठ मी कशी सोडू? माह्या हाताले बोटं आहेत का?

एक गोष्ट आहे, ज्याच्या घरचा कचरा मी खातो, त्याच्या घरचं मले सगळं समजते. उमाकांतसाहेबाच्या घरी कांदा-लसूण चालत नाही, असं त्यायची बायको सुहासिनीबाई सगळ्या बायायले सांगतेत. त्यायच्या घरून येते ती पन्नी डबल असते. आत कांद्याचे सालटे. मी आजवर कोणाले बोललो नाही. पण आता बोलाले बसलोच आहो, त होऊन जाऊ दे.

असं खाता खाता माहं पोट पिकलं. शेण पडलं, पाला पडला, बेबीताईच्या घरचं शिळं पडलं. बेबीताई म्हणजे केवलरामची शेजारीण, गोंदियाकडची, तोंडानं फाटकी. गांडूळ आले. कोणी बोलावलं नोहतं, आपल्या मनानं आले अन् माह्यात घर करून राह्यले. एका सकाळी केवलरामनं आत हात घातला. काळीभोर मूठ बाहेर काढली, नाकाजवळ नेली.

"पाह्य न बेबीताई," तो म्हणे, "आमच्या बांधीचा वास आहे हा."

"मले त माह्या कालच्या भाताचा वास येऊन राह्यला," बेबीताई म्हणे.

ते खत पडलं अन् वाफे उठले. लाल भाजी, बरबटीच्या शेंगा, भेदरं म्हणजे टमाटे. बरबटी त बोर्डावर चढून बसली, हरित परिवारमधला परिवारच झाकला तिनं. केवलरामचे गुडघे दुखत, पण दिवस निघाला की तो माह्यापाशी हजर. मले हालवे, पलटवे, पाणी देई. मले वाटे, ह्या माणसाले मीच जगवून राहिलो. अन् त्याले वाटे, तो मले.

मंग प्लांटच्या नगर विभागाचे एक साहेब आले. त्यायनं सांगतलं, ही जागा कायमची दिली नोहती. गाड्या वाढल्या, लोक पार्किंग मांगून राहिले. एक टीम येईन, बगीचा पाहीन. पसंत पडला त राहीन, नाही त इथी पार्किंग.

त्याच रविवारी ऋषभ आला.

"पापा, पार्किंग बन गया तो फिर आप हमारे पास आओगे. पक्का?"

केवलराम कुदळीची माती खरडू लागला.

"पक्का ना? बोलो तो."

"पक्का," केवलराम म्हणे. पण म्हणताना त्याचा हात माह्या काठावर होता. काठाची माती त्यानं मुठीत घट्ट धरली होती, सोडतच नोहता.

आता भेलेला माणूस का करते? जे जिंदगीभर केलं तेच करते. प्लांटमध्ये मोठ्या साहेबाचा राउंड असला की काय होई, ते तुमाले ठाऊक आहे. झाडाच्या बुडाले गेरू-चुना. पाइपाले रंग. जे हालते ते बांधून टाका, जे घाण आहे ते लपवून टाका, फरशीवर आपलं तोंड दिसलं पाहिजेन. केवलरामनं आयुष्यभर तेच पाह्यलं, उमाकांतसाहेबानं आयुष्यभर तेच करून घेतलं. दोघं मिळून माह्या काठावर उभे राह्यले अन् माह्या पोटात पाहू लागले.

"केवलराम, हे काय आहे?"

"साहेब, खत होऊन राह्यलं. अर्धं कच्चं आहे."

"वास येतोय. माश्या आहेत. ह्या स्पॉटवर टीम आली तर आपण गेलो."

केवलरामनं डोकं खाजवलं. जो माणूस तोच वास नाकाले लावून खुश झाला होता, तो म्हणे, "हो न साहेब. हाउसकीपिंग बराबर नाही दिसून राह्यलं."

माह्या समोर बोलले हे! माह्या समोर!

मंग काय, लागले. माहं अर्धं पिकलेलं पोट सिमेंटच्या बोऱ्यात भरलं अन् कचऱ्याच्या गाडीत टाकून दिलं. गांडूळ बी त्याच्यातच गेले. बुडाले सिमेंट ओतलं. भिंतीयले पांढऱ्या टाइल्स लावल्या, कोणाच्या तरी बाथरूमच्या उरल्या होत्या, त्यायच्यावर निळ्या मासोळ्या. अन् शेवटी फिनाईल. बकेट भरून फिनाईल माह्या अंगावर! मी मातीचा माणूस, मले कधी कोणी आंघोळ घातली नोहती, अन् घातली त ही.

बेबीताई सालटे घेऊन आली अन् पाहतच राह्यली.

"अवो केवलभाऊ, खड्डा कोणी धुते का?"

"चुप राय न. राउंड आहे."

"खत कुठी गेलं?"

"साफ केलं."

"तुमची अकलही साफ झाली बाप्पा," असं म्हणून ती सालटे वापस घेऊन गेली. केवलराम कपडा घेऊन मासोळ्या पुसत बसला. घामानं भिजला होता. पार्किंग, पार्किंग, एवढंच त्याच्या डोक्स्यात. मी आतून वरडत होतो, अबे केवल्या, मले उपाशी मारून तू जागा वाचवून राह्यला! पण खड्ड्याचं कोण ऐकते.

टीम आली. ते साहेब अन् एका संस्थेच्या मॅडम. गेरू पाह्यला, चुना पाह्यला, बोर्ड पाह्यला. मंग माह्यापाशी आले. मॅडमनं वाकून पाह्यलं.

"कंपोस्ट कहाँ है?"

केवलराम छाती काढून म्हणे, "एक कण बी नहीं मॅडम. पूरा साफ!"

मॅडमले समजेना हसावं की रडावं. त्या काही बोलाच्या आधीच उमाकांतसाहेबानं सांगतलं, "मॅडम, प्रोसेस में है." माह्यात होता तो फिनाईलचा वास. कशाची प्रोसेस, ते मलेही समजलं नाही. पण नगर विभागाचे साहेब खुश. ते म्हणे, "वाह, इतना साफ पिट मैंने कहीं नहीं देखा. बदबू का नाम नहीं." मॅडम बोलत राह्यल्या, साहेब ऐकत नाही राह्यले.

बगीचा पास झाला. पुढच्या साली पुन्हा पाहू, असं बोलून गेले. आमाले शील्ड भेटली. माह्या भोवती रेलिंग लागलं, वर नवा बोर्ड आला: आदर्श कंपोस्ट पिट. खाली लाल अक्षरात: यात कचरा टाकू नये.

अजून एकदा वाचा.

रविवारची शाळा सुरूच आहे. लोक रेलिंगभोवती उभे राहतेत, मले पाहतेत, फोटो काढतेत. साहेब माइकवर सांगतेत की इथी कचऱ्याचं सोनं होते. मी रिकामा, टाइल्स चमकवत बसलो. घरचे सालटे कचऱ्याच्या गाडीत जाऊन राहिले, अन् वाफ्याले दुकानातून खताची प्लास्टिकची थैली येते. थैलीवर गांडुळाचा फोटो. बरबटी पिवळी पडली.

अन् केवलराम? त्याले साहेबानं सीटी दिली. माह्यात कोणी काही टाकलं की सीटी वाजवायची. खड्डा पलटवणं गेलं, मुठीत माती घेणं गेलं. खुर्ची टाकून बसते अन् सीटी वाजवते. एका दिवशी बेबीताईनं मुद्दाम कोबीचे पत्ते टाकले. सीटी वाजली.

"वाजव बाप्पा, वाजव," ती म्हणे. "खुर्चीवरच बसाचं होतं त इथी कायले राह्यला? पोराकडं जा. पंख्याखाली बस."

केवलरामचं तोंड उतरलं. जागा वाचली होती, पण ज्या कामासाठी जागा पाहिजेन होती ते कामच आपण बोऱ्यात भरून देल्लं, हे त्याच्या डोक्स्यात तवा शिरलं. त्यानं ऋषभले फोन लावला. म्हणे, रविवारी ये, चालतो मी.

ऋषभ आला. गाडी बगीच्यासमोर लावली. शाळा चालू होती, माइक चालू होता. केवलराम थैली घेऊन निघाला, गाडीपर्यंत गेला, थैली मांगच्या सीटवर ठेवली. मी म्हटलं, चालला. जा लेका. मले धुवून चालला.

पण तो आत नाही बसला. वापस आला, पंपाच्या खोलीतून लोखंडाची लंबी सब्बल काढली, रेलिंग ओलांडलं, अन् धाडकन माह्या बुडावर घातली.

"केवलराम! अरे काय करतोय?" साहेब माइकवरच वरडले, सगळ्या सेक्टरनं ऐकलं.

"खड्डा करून राहिलो साहेब."

"अरे शील्ड भेटली आहे त्याला! पुढच्या वर्षी टीम येईल, काय दाखवू?"

"सडकं दाखवू. नाही पसंत पडलं त ठेवा तुमच्या गाड्या."

सिमेंट फुटलं. मासोळ्या फुटल्या. त्याचे गुडघे दुखत होते, अन् सांगतो, मलेही दुखलं, पण असं दुखणं देव सगळ्यायले देवो. बेबीताई घरी पळाली अन् टोपलं घेऊन आली. साहेब माइक धरून उभेच. सुहासिनीबाई त्यायच्या कानात काहीतरी बोलल्या अन् घराकडं गेल्या. आल्या तवा हातात सालटे होते. कांद्याचे. पन्नी नोहती.

"पापा, चलना है ना?" ऋषभनं गाडीतून विचारलं.

"थैली काढून दे," केवलराम म्हणे. "अन् पुढच्या रविवारी येशीन त घरचा कचरा घेऊन येजो. बिना पन्नीचा."

आता मी पुन्हा घाण आहो. माश्या आहेत. गांडूळ अजून आले नाही, ते फिनाईलले भेतेत, येतील सावकाश. पुढच्या साली टीम येईन. मी राहीन की माह्यावर कोणाची कार राहीन, ते मले ठाऊक नाही, केवलरामलेही नाही. तो रोज सकाळी येते, शिव्या देते, मले पलटवते.

तुमाले सांगतो, फोटो काढाले येऊ नोका. झाडाले चुना लावाचा त लावा, माह्या पोटाले हात लावू नोका. अन् यायचंच असन त हात हालवत येऊ नोका. घरचं सडकं घेऊन या. भूक लागली आहे मले.