पठाणकोटचा पुदिना

सुभेदार नानासो फौजेतून पेन्शनवर आष्ट्याला आले आणि त्यांना घरात करायला काही सापडेना. सुलाबाईंनी इतकी वर्षं एकटीनं घर, म्हातारी सासू आणि ऊस सांभाळला होता. त्या कारभारात नवऱ्याला शिरायला कुठं फटच नव्हती. नागपंचमीसाठी त्या चार दिवस आधीच भावाकडं शिराळ्याला गेल्या, तेव्हा नानासोंच्या डोक्यात आलं की बायको यायच्या आत परसातली बाग अशी सजवायची की तिनं बघतच राहावं. आजवर आपल्या हातानं केलेलं तिला काहीच दिलं नाही, हे त्यांच्या मनाला लागून होतं.

परसात नुसती दाटी होती. न्हाणीच्या पाण्यावर अळू माजलेलं, त्यात पुदिना शिरलेला, लिलीचे कंद एकमेकांच्या उरावर बसलेले आणि गवती चहात एक काटेरी गुलाब अडकलेला. फौजी डोळ्यांना हे सहन होईना. पावसानं उघडीप दिली होती. नानासोंनी तुळस आणि कढीपत्ता तेवढा ठेवला, बाकी सगळं उपटलं आणि मळ्याच्या कडेला नेऊन टाकलं. मग विटा तिरप्या पुरल्या, एक गेरूची, एक चुन्याची. आंब्याच्या बुंध्यालाही पट्टे मारले. युनिटमध्ये मोठा साहेब पाहणीला यायचा असला की अशीच तयारी चालायची, आणि साहेब खूश होऊन जायचा.

पंचमीच्या सकाळी शेजारच्या मनुबाई लाह्या घेऊन आल्या आणि मागच्या दारातच थबकल्या.

"भावजी, हितलं पठाणकोट कुठं गेलं?"

"काय गेलं?"

"आवं, पठाणकोटचा पुदिना. तुमीच आणला हुता न्हवं?"

नानासोंना काही आठवेना. मग मनुबाईंनीच सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या सुट्टीत सुलाबाई नवऱ्याला म्हणाल्या होत्या, साडी नको, तिकडचं काही तरी जितं आणा. तेव्हापासून गाडी धरायच्या गडबडीत नानासो क्वार्टरच्या कुंपणाची एखादी फांदी तोडायचे, नाही तर एखादा कंद उपटायचे, ओल्या पेपरात गुंडाळून आणायचे आणि घरी आले की विसरून जायचे. सुलाबाईंनी त्यातलं एकही वाया जाऊ दिलं नव्हतं. गल्लीत त्या झाडांना नावंही त्या त्या छावणीच्या गावावरून पडली होती. पठाणकोटचा पुदिना, बागडोगऱ्याची लिली, जबलपूरचा गुलाब.

"तुमचा फोन लागंना झाला की सुला त्या लिलीपाशी जाऊन बसायची," मनुबाई म्हणाल्या.

नानासो तसेच मळ्याकडं धावले. पण शेरडांनी सगळं खाऊन, तुडवून त्याचा चिखल केला होता. परत आले ते थेट मनुबाईंच्या दारात.

"ह्यातलं काय तुमच्याकडं असंल तर द्या मला."

"मागून न्हेलेलं रोप लागत न्हाई भावजी. चोरून न्यावं लागतंय. आमी समद्यांनी तसंच न्हेलंय. सुलाला ठाव असायचं, ती मुद्दाम पाठ करून उभी ऱ्हायची." एवढं बोलून मनुबाई वळल्या. "मी जाते आत. माझी पाठ हाय."

ज्या माणसानं जन्मभर दारूगोळ्याच्या कोठारावर पहारा दिला, त्यानं त्या दुपारी गल्लीत दारोदार चोऱ्या केल्या. बातमी त्यांच्या आधी पुढं पोचत होती. शालूबाई भिंतीकडं तोंड करून तांदूळ निवडत बसल्या. दीपमालानं कुत्रं बांधून घातलं आणि ती गच्चीवर गेली. आपल्यासाठी इतकी माणसं डोळे झाकतायत हे नानासोंना कळत होतं. सुलाबाईंनी आयुष्यभर जे वाटलं होतं, ते आज त्यांच्या पदरात पडत होतं. फक्त जबलपूरचा गुलाब कुणाच्याच दारात नव्हता.

पंचमीला जमीन खणायची नसते. त्यामुळं सगळ्या फांद्या आणि कुंड्यांतून उपटलेले लिलीचे कंद बादलीतल्या पाण्यात ठेवले. उद्या उजाडताच लावून टाकू, असा बेत होता. पण दुसऱ्या दिवशी सुलाबाई पहिल्याच एसटीनं दारात हजर झाल्या.

त्यांनी विटा बघितल्या, पट्टे मारलेला आंबा बघितला आणि न्हाणीपाशी मोकळ्या मातीवर हात ठेवून खाली बसल्या. नानासो साहेबापुढं उभं राहावं तसे ताठ उभे होते.

"तू खूश व्हशील म्हणून केलं," ते कसंबसं म्हणाले.

सुलाबाईंनी बादली पुढं ओढली. एकेक फांदी उचलून बघू लागल्या.

"ही मनूकडची. ही शालूची. मागून आणलीत?"

"न्हाई. चोरली."

सुलाबाईंनी पहिल्यांदाच वर बघितलं. नानासो त्यांच्या शेजारी मातीत बसले.

"सुला, मी वरसातनं दोन महिनं घरी असायचो. बाकीचं वरीसभर तू मला हितं पाणी घालून जगवलंस, आन् मला ठाव बी न्हाई. लय उपकार हायत तुझं."

सुलाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मग तोच पदर कमरेला खोचून त्यांनी खुरपं नवऱ्याच्या हातात दिलं.

"विटा ऱ्हाऊ द्यात. बऱ्या दिसत्यात."

"जबलपूरचा गुलाब न्हाई मिळाला गं."

"त्यो शिराळ्यात हाय. माझ्या वयनीनं मागंच न्हेलाय. काल फुललेला बघून आले." सुलाबाई पुदिन्यासाठी माती सारखी करत म्हणाल्या, "भाऊबीजेला दोघं जाऊ. मी वयनीला बोलण्यात गुंतवते, तुमी फांदी काढा."