राजनकुमारची उडी

बनुबाईनं कोमट तेलाचा हात लेकाच्या डाव्या बरगडीवरून फिरवला, तसा मालोजीनं श्वास आत ओढला आणि अंग बाजूला घेतलं. परसातल्या दगडावर तो पाठमोरा बसला होता. ऊन नुकतंच पाठीवर आलं होतं आणि त्या उन्हात बरगडीपासून कमरेपर्यंत उतरलेला काळानिळा डाग तिला स्पष्ट दिसला. कडा पिवळट पडल्या होत्या. म्हणजे ताजा नव्हता.

"काय झालं रे हे?"

"पडलो गो. ट्राममधनं उतरताना."

"आणि खांद्याचं?"

मालोजीनं खांद्यावर टॉवेल ओढून घेतला.

"तेव्हाच."

 वाटीत उरलेलं तेल बनुबाईनं स्वतःच्या पायांना चोळलं. ट्राम तिनं कधी बघितली नव्हती. पण गेल्या शिमग्याला तो घरी आला तेव्हा त्याचं मनगट सुजलेलं होतं, आणि तेव्हाही त्यानं ट्रामचंच नाव घेतलं होतं.

वरंध घाटाच्या खालच्या अंगाला असलेल्या त्यांच्या वाडीतून मुंबईला गेलेले पुष्कळ होते. कोणी गिरणीत, कोणी गोदीत. शिमग्याला सगळे येत, पालखी नाचवत आणि परत जात. मालोजीही आधी गिरणीतच होता. मग एका वर्षी तो रुंद कॉलरचा शर्ट आणि काळा चष्मा घालून आला आणि म्हणाला, आता मी पिक्चरमध्ये असतो. राजनकुमारबरोबर.

राजनकुमारचं नाव वाडीतल्या पोरांना आधीपासून ठाऊक होतं. महाडच्या न्हाव्याच्या दुकानात त्याचं चित्र लावलेलं होतं. मालोजीनं तर फोटोच आणला. त्यात राजनकुमार आणि मालोजी शेजारी शेजारी उभे होते. बांधा एक, उंची एक, अंगातले कोटसुद्धा एकसारखे. तो फोटो हातोहात फिरून कोपऱ्यांना मऊ पडला. दिवाळीपर्यंत वाडीतल्या निम्म्या पोरांच्या कपाळावर केसांची बट आली आणि मागच्या खिशात कंगवा आला. पालखीचा नाच शिकवणारा म्हातारा हैबती ढोल घेऊन देवळापुढं बसून राही. तालमीला येणारी पोरं आता ओढ्याच्या काठी मालोजीभोवती दिसत.

सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. बनुबाईला मात्र तो फोटो बघितला की बरं वाटत नसे. दोन वेगळ्या माणसांनी एकसारखा कोट कशाला घालावा? लग्नातले वाजंत्री घालतात तसा? पोलादपूरकडचा एक जण मुंबईहून असाच छानछोकीनं यायचा. पुढं कळलं की तो चोरून हातभट्टीची दारू पोचवत होता. पोलिसांनी धरला तेव्हा त्याच्या पाठीवरही असेच वळ होते म्हणे. मालोजीचे कपडे धुवायला घेतले की ती आधी त्यांचा वास घेई. दारूचा वास कधी आला नाही. पण तेवढ्यानं तिचं मन स्वस्थ होत नव्हतं.

या वेळी मालोजी आल्यावर शेजारची रंगूबाई एका दुपारी येऊन उंबऱ्यापाशी बसली. नवरा गेल्यापासून ती आणि तिचा मुलगा मोरू दोघंच शेती ओढत होती. मोरूला नुकती मिसरूड फुटली होती.

"मोरू म्हणतो, शिमगा झाला की मालोजीदादाबरोबर जातो," रंगूबाई म्हणाली. "मालोजी सोताहून म्हणाला त्याला, चल म्हणून. एवढ्या पोरांत ह्यालाच म्हणाला."

"मग?"

"मग काय. मना काय कळतंय त्यातलं? तू आय हायस त्याची. तू हो म्हण, मी पाठवते. तू नको म्हण, मी दार लावून बसते."

बनुबाई सुपातले तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. दोन दिवसांपूर्वी तिनं ओढ्यावर जे बघितलं होतं ते तिला आठवलं. मालोजी मोरूला या काठावरून त्या काठावर उड्या मारायला लावत होता. एकदा, दोनदा, मग वरच्या खडकावरून. मोरू उडी मारून हसत उभा राहिला की मालोजी त्याचे दंड आणि पोटऱ्या चाचपून बघायचा. बैल घेताना बघतात तसा.

"दोन दिस थांब," ती म्हणाली.

विरेश्वराच्या जत्रेला महाडला आलेला तंबूतला सिनेमा जत्रा संपली तरी नदीकाठच्या मैदानात मुक्काम करून होता. त्यात आता राजनकुमारचा पिक्चर लागला होता. वाडीतली पोरं बैलगाडी जुंपायला निघाली तेव्हा मालोजी त्यांना म्हणाला,

"तो कशाला बघताय? जुना हाय. काय दम नाय त्यात."

"तू हायस ना त्यात?" सदूनं विचारलं. सदू पोरांत सगळ्यात बोलका.

"हाय ना."

"मग झालं तर."

मालोजी गाडीत बसला नाही. डोकं दुखतंय म्हणाला. बनुबाईनं त्याच्याकडे एकदा बघितलं, पदर खोचला आणि रंगूबाईचा हात धरून तीच गाडीत चढली.

तंबूत बायकांची बाजू वेगळी होती, मध्ये किंतानाचा आडोसा केला होता. पलीकडून पोरांचा कालवा ऐकू येत होता. दिवे गेले आणि पडद्यावर एवढी मोठी माणसं हलायला लागली, तेव्हा रंगूबाईनं बनुबाईचा दंड घट्ट धरला. हिंदी दोघींनाही फारसं कळत नव्हतं. राजनकुमार आला तेव्हा पलीकडे शिट्ट्या झाल्या. देखणा होता, गोरापान. बनुबाई त्याच्याकडे न बघता मागच्या माणसांत शोधत राहिली. गाणं म्हणणाऱ्यांच्या घोळक्यात, दरबारातल्या नोकरांत. मालोजी कुठंच नव्हता. तिच्या मनानं घेतलं, खोटंच आहे सगळं. आता हा मुंबईत काय करतो ते देवालाच ठाऊक.

मग राजनकुमारच्या मागं शिपाई लागले. तो धावत वाड्याच्या गच्चीवर गेला. कठड्यावर पाठमोरा उभा राहिला आणि उडी घेण्याआधी त्यानं दोन्ही तळहात मांड्यांवर पुसले.

बनुबाई पुढं सरकली.

लहानपणी ओढ्याच्या खडकावर चढला की मालोजी असेच तळहात पुसायचा. बापाची सवय होती ती. बाप गाडीवरून खाली उडी मारताना असंच करायचा. कठड्यावरच्या माणसानं खांदे आवळले, मान आत घेतली आणि तो सुटला. वाटेतल्या पत्र्यावर त्याची डावी बाजू आपटली, तो तिथून घसरला आणि खाली धुळीत पडला. बनुबाईचा हात नकळत स्वतःच्या डाव्या बरगडीवर गेला. धुळीतून उठला तो मात्र राजनकुमार होता. कपाळावरची बट जागच्या जागी होती, आणि तो हसत होता.

पलीकडे पोरांनी टोप्या उडवल्या.

त्यानंतर ती चेहरे शोधेनाशी झाली. घोडा उधळला आणि माणूस रिकिबीत पाय अडकून फरपटत गेला, तेव्हा तिनं पाठ ओळखली. जिन्यावरून गडगडत आला, तेव्हाही ओळखली. प्रत्येक वेळी उठून उभा राहणारा दुसराच असे. रंगूबाई तोंडाला पदर लावून बघत होती. तिला काही वेगळं दिसलं नव्हतं.

खेळ सुटल्यावर बाहेर गॅसबत्तीचा उजेड होता. पोरं गाडीपाशी जमली होती. सदू रागानं लाल झाला होता.

"मी एक एक तोंड बघितलं. शिपायांत नाय, नोकरांत नाय. नावालासुद्धा नाय. दोन वर्सं आपल्याला येडं बनवतोय."

"दादा असं करायचा नाय," एक जण चाचरत म्हणाला.

"मग कुठं होता? दाव तू."

बनुबाईच्या ओठांवर आलं होतं. पोराला खोटारडा म्हणत होते, आणि खरं काय ते सबंध तंबूत एकट्या तिला कळलं होतं. तिनं गाडीच्या साटीला धरलं आणि बोलायला तोंड उघडलं.

तेवढ्यात मोरू म्हणाला, "दादाचं जाऊ दे. पर त्या राजनकुमारची उडी बघितलीस काय? वाड्यावरनं. एकदा मना तिथं नेऊन उभा करा, मी त्याच्याहून उंचावरनं मारीन." आणि त्यानं तिथल्या तिथं, मैदानातल्या मातीत, हात पसरून एक उडी घेतली.

रंगूबाई मुलाकडे बघून हसली.

बनुबाईनं तोंड मिटलं. 

दुसऱ्या दिवशी पोरं अंगणात आली. मालोजी कोयत्याला धार लावत होता. मोरू पुढं होता. मालोजीनं दिलेला काळा चष्मा त्याच्या हातात होता. पोरांच्या मागून रंगूबाईही आली आणि पडवीच्या खांबाला टेकून उभी राहिली.

"दादा, तू कुठं होतास त्या पिक्चरमधी?" मोरूनं विचारलं.

मालोजीनं कोयत्यावर पाणी शिंपडलं. "होतो की."

"कुठं?"

 मालोजीची नजर आईकडे गेली. काल परत आल्यापासून आई आपल्याकडे बघत नाही, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

"बनुबाय, तू सांग गो," रंगूबाई म्हणाली. "तू तर तंबूत डोळं फाडून बघत होतीस. काय करतो तुझा पोर तिथं?"

बनुबाईनं सूप खाली ठेवलं.

"कापडं उचलतो त्या सायबाची," ती म्हणाली. "सायब घामाघूम झाला की पंख्यानं वारा घालतो. उन्हात छत्री धरतो. दुसरं काय नाय."

कोणी हसलं नाही. सदूला हसायचं होतं, पण त्यालाही जमलं नाही. सगळे मालोजीकडे बघत होते. त्याच्या हातातला कोयता दगडावर तसाच टेकलेला होता. मानेची एक शीर ताठ झाली. तो आता उठेल, सदरा वर करून पाठ दाखवेल, असं क्षणभर बनुबाईला वाटलं. तिनं त्याच्या डोळ्यांत डोळे घातले आणि काढले नाहीत.

"होय," मालोजी म्हणाला. "तेच करतो."

मोरूनं चष्मा पडवीच्या कठड्यावर ठेवला. ठेवताना तो जपून ठेवला, काचा वर येतील असा, आणि निघून गेला. बाकीची पोरंही पांगली. रंगूबाई थोडी रेंगाळली, बनुबाईच्या दंडाला हात लावून म्हणाली, "बरं झालं बाय, खरं सांगितलंस." मग तीही गेली.

पालखी वाडीत फिरली तेव्हा मालोजी नाचायला गेला नाही. पोरं त्याला बोलवायलाही आली नाहीत. दारावरून जाताना कोणीतरी हातानं वारा घातल्याची नक्कल केली आणि हशा झाला. मालोजी आत भिंतीला टेकून बसला होता. बनुबाईनं देवाला नारळ दिला, प्रसाद आणून त्याच्यापुढं ठेवला. त्यानं तो खाल्ला. 

तो निघाला त्या दिवशी एस.टी.च्या थांब्यापर्यंत ती एकटीच त्याच्याबरोबर गेली. दर वर्षी त्याची ट्रंक उचलायला पोरांत भांडणं होत. या वेळी ट्रंक त्यानं उजव्या खांद्यावर घेतली होती आणि तो जरा तिरका चालत होता. वरच्या शेतात मोरू जमीन भाजायला झाडाची कवळं तोडताना दिसला. त्यानं यांना बघितलं, पण हाक मारली नाही.

थांब्याजवळच्या आंब्याखाली मालोजीनं ट्रंक खाली ठेवली.

"कुठल्या उडीत ओळखलंस?" त्यानं विचारलं.

"सगळ्या."

तो रस्त्याकडे बघत राहिला. घाटाच्या बाजूनं अजून धूळ दिसत नव्हती.

"लोकांत माझी नाचक्की केलीस."

"केली."

 मालोजीनं खिशातून रुमाल काढला, तोंड पुसलं, परत घडी घालून ठेवला.

"आमचा मास्तर हाय एक," तो सावकाश म्हणाला. "उड्या शिकवणारा. तो म्हणाला होता, येताना गावाकडचं एखादं हलक्या अंगाचं पोर घेऊन ये. आधीचा होता तो आता इस्पितळात हाय. कमरेखालचं हलत नाय त्याचं."

बनुबाईनं त्याच्याकडे बघितलं. हे तिला ठाऊक नव्हतं. संशय होता, पण तो इथवर गेला नव्हता.

"मोरूला हे सांगितलं होतंस?"

"नाय."

"सांगणार होतास?"

 वळणावर धूळ उठली आणि गाडीचा आवाज आला. मालोजी वाकून आईच्या पाया पडला आणि त्यानं ट्रंक उचलली. उचलताना त्याचा चेहरा किंचित आवळला आणि लगेच सरळ झाला. 

गाडी थांबली. तो पायरीवर चढला, तेव्हा बनुबाईनं विचारलं,

"आता दुसरा कधी येणार?"

"कोण?"

"शिनेमा."

मालोजी दांडा धरून उभा राहिला. कंडक्टरनं त्याला आत सरकायला सांगितलं.

"दिवाळीच्या अंगाला येईल," तो म्हणाला. "तू जाऊ नको बघायला."

गाडी सुटली. बनुबाई थोडा वेळ तिथंच उभी राहिली. मग तिनं महाडकडून येणाऱ्या गाडीवानाला थांबवलं आणि तंबूवाले दिवाळीला परत कुठं उतरतात, ते विचारून घेतलं.