कॉम्प्रेसरचा नकाशा

"रेघ ओढताना श्वास धरायचा, दीपू. रेघ टेकली की सोडायचा."

अण्णांचा हा आवाज दीपेशच्या कानात पन्नाशीतही राहिला होता. हलका, काठाकाठाने चालणारा.

अण्णा म्हणजे त्याचे वडील, नाव नारू. चिखल्याच्या बर्फाच्या कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. यंत्र विलायतेचं, एखादा भाग तुटला तर तिकडून नवा येईपर्यंत होड्यांचा हंगाम सरायचा. मग अण्णा तुटका भाग मोजून कापडी ट्रेसिंगवर, म्हणजे खळ दिलेल्या पारदर्शक कापडावर, उतरवायचे, आणि त्यावरून तो इथेच ओतून घ्यायचे. पुढे कारखाना बंद पडला. अण्णाही गेले.

दीपेश पोस्टात लागला आणि सुटीच्या दिवशी जुन्या यंत्रांचे नकाशे जमवू लागला. वाणगावची भातगिरणी असो की कासाकडचा लाकडाचा कारखाना, शेड मोडायला निघाली की हा हजर. भंगारवाला जिग्नेश त्याला म्हणायचा, "दीपेशभाय, लोक लोखंड न्यायला येतात. तुम्ही लोखंडाची सावली नेता." दीपेश हसायचा आणि गुंडाळी काखेत मारून निघायचा. घरी पलंगाखाली नकाशे सपाट निजवलेले असत. दात्यांची चाकं, झडपा, नळ्या. आणि चहूकडून त्यांना अलगद धरून ठेवणाऱ्या मापांच्या बारीक रेघा.

अण्णांचे नकाशे मालक गोविंदरावांनी पत्र्याच्या पेटीसकट त्याला देऊन टाकले होते. त्यात एकच नव्हता, कॉम्प्रेसरचा. अण्णांच्या हातचं सगळ्यात मोठं काम तेच, असं कारखान्यातली माणसं सांगत. म्हाताऱ्याने तो दडवला, नाहीतर कुणा शौकिनाला दिला, असं दीपेशने मनाशी धरलं आणि त्यांच्याकडे जाणं सोडलं. गणपतीलाही गेला नाही. आई, गोदूबाई, त्यावर चकार शब्द बोलली नाही.

या हिवाळ्यात कारखान्याची शेड पाडायचं ठरलं. पाडण्याआधी एकदा कोपरे बघून जा, वहिनींनाही आण, असा गोविंदरावांचा निरोप आला. मायलेक गेले. दीपेशने माळे, खोके, फळ्यांच्या मागची भिंतसुद्धा पाहिली. धूळ निघाली, गंजके बोल्ट निघाले, चिमणीचं रिकामं घरटं निघालं. मग तिघं गोविंदरावांच्या वाडीत चिकूखाली चहाला बसले.

"आज वाट चुकली वाटतं पोस्टमास्तरांची," गोविंदराव म्हणाले.

दीपेशने ते कानाआड केलं. "काका, आता तरी सांगा. कुणाला दिलात?"

गोविंदरावांनी चहा बशीत ओतला. आपल्याकडे असता तर पेटीतच असता, असं ते शांतपणे म्हणाले. नारू काम घरी न्यायचा. त्याच्याकडेच राहिला असेल.

"अण्णांनी कारखान्याची टाचणीसुद्धा ठेवून घेतली नाही."

"म्हणजे चोर मी."

"मी तसं म्हटलं नाही."

"म्हटलं नाहीस. फक्त पायरी चढायचा थांबलास."

बाजूच्या वाडीत पंप चालू झाला. आता गोविंदराव नाहीतर अण्णा, दोघांपैकी एकावर आळ राहणार होता, आणि एक जण तर उत्तर द्यायला उरलेला नव्हता. गोदूबाईंनी कप खाली ठेवला.

"भावजी, ह्यांनी आणला होता तो. घरी बसून पुरा करायला."

दीपेश आईकडे वळला.

"रद्द झालेलं ट्रेसिंग हे मला द्यायचे. सोड्याच्या पाण्यात उकळलं की खळ सुटायची, आणि खाली कापड उरायचं मलमलीसारखं. ड्राफ्ट्समनांच्या घरी सगळ्याच बायका करायच्या. त्या दिवशी टेबलावर दोन गुंडाळ्या होत्या. माझ्या हाताला रद्दऐवजी चांगली, कॉम्प्रेसरची लागली."

"आणि नारू?" गोविंदरावांनी विचारलं.

"घरी आले, पातेल्यातलं काळं पाणी बघितलं. ओरडले नाहीत. मालकांना कळू देऊ नको, काम जाईल म्हणाले. पुढे यंत्र बिघडलं की मनातूनच मापं सांगायचे. ते गेले, तरी मी त्यांचा शब्द धरून बसले."

गोविंदरावांची बशी हातात तशीच राहिली. दीपेशने आईला विचारलं, "त्या कापडाचं काय केलंस?"

"तू पोटात होतास," गोदूबाई म्हणाल्या. "तुझ्या बारशाची कुंची शिवली."