पिवळ्या तुतीला पहिलं बक्षीस

झाडांच्या छायाचित्र स्पर्धेचे फोटो आम्हा परीक्षकांपुढे येतात तेव्हा त्यांवर नाव नसतं, नुसता क्रमांक असतो. पण स्वतःच्या अंगणातलं झाड ओळखायला नाव कशाला लागतं?

एक फोटो उचलला आणि माझा हात जागीच थांबला. खोडातून दोन फांद्या फुटलेल्या, डावी जराशी बाहेर काढलेली, पोर कडेवर घेऊन बाई उभी राहते तशी. आमची तुती. माझ्या नवऱ्यानं दोघा भावांच्या घरांच्या बरोबर मधोमध लावलेली. फोटोत ती पिवळीधमक होती, पान न पान सोन्याचं. खाली खोड मात्र काळ्या सावलीत बुडून गेलेलं.

"वा!" चित्रकलेचे निवृत्त मास्तर माझ्या खांद्यावरून वाकले. "याला म्हणायचं झाड! बाकीच्यांनी तर झाडं अशी काढलीत, जशी पासपोर्टला लावायचीत."

नर्सरीवाल्या बाई तिसऱ्या परीक्षक. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "सुंदर आहे खरा. पण मागे सूर्यफुलं फुललीत, म्हणजे उन्हाळा. या दिवसांत तुती हिरवीगार हवी. हिचं काहीतरी दुखतंय हो."

हिचं काहीतरी दुखतंय. ते वाक्य काट्यासारखं आत गेलं.

गेल्या उन्हाळ्यात मी लेकीच्या बाळंतपणाला गेले होते. परत आले तर तुतीच्या नुसत्या काटक्या राहिलेल्या, आणि खोडाभोवती विटांचा नवाकोरा पार. माझे दीर दारातच भेटले. "वहिनी, दादामागं झाडानंही प्राण सोडला. म्हटलं, पार तरी बांधावा, आठवण राहील." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले होते. झाडालाही माझ्यासारखंच झालं, या विचारानं मला तेव्हा बरंसुद्धा वाटलं होतं. दिरांकडे राहणाऱ्या सासूबाई तर येईल त्याला तीच गोष्ट सांगायच्या आणि रोज पाराला तांब्याभर पाणी घालायच्या.

या फोटोत पार नव्हता. आणि असा फोटो काढायला भावजींच्याच पायरीवर उभं राहावं लागतं.

त्यांची पांढरी गाडी त्या सावलीत उभी असायची. तुती पिकली की टपावर जांभळे डाग, पाखरांची मेहेरबानी वेगळी. भावजी रोज सकाळी फडकं घेऊन बाहेर यायचे आणि झाडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. नवरा हसायचा. "अरे, झाड तुझ्या गाडीला टिळा लावतंय, लावू दे की!"

'हे झाड आमचं' एवढं म्हणून मला परीक्षकाच्या खुर्चीवरून उठता आलं असतं. उठले नाही. पहिल्या नंबराचा फोटो दरवर्षी माझ्याच स्टुडिओत पुरुषभर उंच छापला जातो, सभागृहात सगळ्यांदेखत त्यावरचा पडदा उघडतात, विजेता आपल्या झाडाबद्दल बोलतो आणि मग ती चौकट घरी घेऊन जातो.

"पहिला नंबर," मी म्हटलं.

मास्तर चकित. "अहो, तुम्ही तर एकेक गुण मोजूनमापून देता!"

"यंदा हात सैल सोडलाय."

निकाल लागला तसा मी फोन केला. "भावजी, अभिनंदन! मूळ फाइल पाठवा, मोठा करायचाय."

"वहिनी! मला वाटलं, घरचा माणूस म्हणून तुम्ही मला बादच कराल."

"क्रमांकाला कुठलं घर, भावजी?"

"बरं, तुमचा हात फिरू द्या त्यावर. उजळा चांगला. बक्षिसाला शोभला पाहिजे."

"तुम्ही सांगितलंत ना, उजळते."

हौशी माणसाला वाटतं, फोटोत काळं दिसतं तिथे काही नसतंच. माझं आयुष्य स्टुडिओच्या मागच्या खोलीत गेलं. काळ्यातून नवरीच्या शालूचे काठ काढलेत मी, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांतलं पाणी काढलंय. पानांना हात लावला नाही. खोडापाशीची सावली तेवढी हळूहळू उघडत गेले, निजलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तशी. ओठांवर आपोआप एक ओवी आली. कुणी शिकवलेली नव्हती, त्या खोलीतच जुळली:

तुती उभी दोन दारी, दोहींवरी छाया करी
एक दार घाली पाणी, एक दार धरी सुरी

आधी मुळं दिसली. मग त्यांच्या वर, खोडाला वळसा घालून, पांढरा पट्टा. वीतभर रुंदीची साल गोल सोलून काढलेली, कडा कापलेल्या पावासारख्या साफ. अशी साल काढली की झाड उभ्या उभ्या उपाशी मरतं. आणि बुंध्याला टेकून ठेवलेली करवत. मूठ चिरली म्हणून नवऱ्यानं तिला जुन्या कॅमेऱ्याचा लाल-काळा पट्टा गुंडाळला होता. "फांद्या छाटायला हवी," म्हणून भावजी ती माझ्याकडूनच मागून घेऊन गेले होते.

म्हणजे माझ्याच घरच्या करवतीच्या दातांनी.

मी रडले नाही. छपाईचं बटण दाबलं.

सभागृहात भावजी नवा कोट घालून आले. जाऊबाई पहिल्या रांगेत, शेजारी सासूबाई. पडदा अजून उघडायचा होता. भावजी माइकसमोर उभे राहिले. "हे झाड माझ्या दादानं लावलं. दादा गेला आणि त्याच्या दुःखानं हे असं पिवळं पडत गेलं. शेवटच्या दिवसांत मी त्याचा निरोप घेतला, तो हा फोटो." त्यांनी खिशातून रुमाल काढला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मला माइक मागायची गरजच नव्हती. मी पडद्याची दोरी ओढली.

टाळ्या वाढल्या. मग पुढच्या रांगेतून विरत गेल्या. नर्सरीवाल्या बाई उठून फोटोजवळ गेल्या. "अगं बाई! दुःखानं नाही हो. साल सोललीय हिची. कुणी सोलली?"

"उंदीर... उंदरांनी असेल," भावजी म्हणाले.

"उंदीर करवत घेऊन येतात का?" मास्तर म्हणाले.

सासूबाई उठल्या. त्यांना लांबचं धड दिसत नाही, पण फोटो पुरुषभर होता. त्यांनी करवतीच्या मुठीवर बोट ठेवलं, पट्ट्यावरून फिरवलं. "हा तर माझ्या थोरल्याच्या कॅमेऱ्याचा पट्टा." मग मान न वळवता, हलक्या आवाजात, "त्याच्याच करवतीनं रे? आणि मला वर्षभर त्या मेल्या पाराला पाणी घालायला लावलंस?"

भावजी माझ्याकडे बघत होते. "वहिनी, तुम्ही हे..."

"तुम्हीच म्हणालात, उजळा."

आयोजक गडबडले, बक्षीस परत घ्यावं का म्हणून कुजबुजू लागले. मी म्हटलं, "मुळीच नाही. फोटो उत्तम आहे. चौकट त्यांच्या घरी पोचवा." नेऊ नका म्हणायला भावजींनी तोंड उघडलं, पण त्याआधी सासूबाई बोलल्या. "आणा. जेवणाच्या टेबलासमोर लावा. त्याच्या खुर्चीपुढे."

तिथेच लावलीय. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. भावजी हल्ली मान खाली घालून जेवतात, भाकरीचा तुकडा मोडायचा तोही भिंतीकडे न बघता. खुर्ची फिरवून बसले की सासूबाई ती पुन्हा होती तशी करतात. एकदा ते कुंपणापाशी आले. "वहिनी, झालं गेलं विसरा ना आता."

"विसरते की. तुती फळली की विसरते."

त्यांना कळलं नाही. पाराच्या विटांमधून, सोललेल्या पट्ट्याच्या खालून, एक हिरवा कोंब वर आलाय. मूळ जिवंत आहे. रोज सकाळी मी त्याला पाणी घालते, आणि पलीकडे भावजी गाडी पुसतात. तुती भराभर वाढते.

गाडी अजून पांढरीच आहे.